विकत घ्यावी लागणारी हिरवळ

मुंबईत घर शोधणाऱ्या कुटुंबापुढे ज्या जाहिराती येतात, त्यांत घरापेक्षा झाडेच अधिक दिसतात. खोल्या केवढ्या, पाणी किती वेळ, हे तपशील मागे पडतात. हिरवळ, कारंजी आणि फिरण्याची वाट पुढे येते. बागेसाठी माणूस पोटाला चिमटा घेऊनही जास्त पैसे मोजतो, हे बिल्डरने नेमके ओळखले आहे. यासाठी गिऱ्हाइकाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मुलांना खेळायला अंगण आणि वृद्धांना बसायला सावली लागते. ती गरज आहे, चैन नव्हे. प्रश्न असा की, ही गरज बाजारात विकायला का निघावी?

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. हा ट्रस्ट गरिबांचा कैवारी नव्हता. त्याच्या योजनांत असंख्य गरिबांचे आसरे गेले. परंतु दादर-माटुंग्याची वसाहत आखताना घरांबरोबर सार्वजनिक उद्यानेही आखली गेली. १९२५ साली लोकांसाठी खुले झालेले शिवाजी पार्क भोवतालच्या बिऱ्हाडांचे झाले, तसेच गिरणी कामगाराच्या मुलाचेही झाले. तेथे प्रवेशासाठी घराचे खरेदीखत दाखवावे लागत नाही.

हीच परंपरा गिरणगावात पुढे नेण्याची संधी आली होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ढोबळमानाने तीन वाटे ठरविले : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली शासनाने नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त मोकळ्या तुकड्यांची उरली. आणि शेडांनी व्यापलेल्या गिरण्यांत मोकळे असे कितीसे असणार? २००५ साली उच्च न्यायालयाने हा बदल मान्य केला नाही. मात्र मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. परिणाम समोर आहे. लोअर परळच्या मनोऱ्यांना बागा आहेत, पण फाटकाच्या आत. शेजारच्या चाळीतले पोर रस्त्यावरच चेंडू खेळते.

पैसे मोजणाऱ्याच्या पदरी तरी काय पडते? कित्येक ठिकाणी ही बाग मोटारींच्या मजल्यांवर, काँक्रीटच्या छतावर मातीचा थर पसरून केलेली असते. त्या थरात वड-पिंपळ रुजत नाही, पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही. नियमाने सोडावयाची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०१३ मध्ये सांगावे लागले, यातच सारे आले.

सार्वजनिक मैदान हाताशी नसते, म्हणूनच फाटकामागच्या हिरवळीला एवढा भाव येतो. तेव्हा मध्यमवर्गीय खरेदीदार आणि चाळकरी यांचे हित येथे परस्परविरोधी नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्डातील राखीव भूखंडांची यादी हाती घ्यावी, प्रत्येक जागेवर जाऊन आज तेथे काय आहे ते पाहावे आणि आराखड्यातील बदलांवर मुदतीत हरकती नोंदवाव्यात. त्या हरकतींवर चाळीतल्या सह्यांबरोबर मनोऱ्यांतल्या सह्याही मिळवाव्यात. दोघांच्याही मुलांना मैदान हवेच आहे.