हातांवरील काळसर डाग

महाड-पोलादपूरकडे सावित्रीकांठच्या शेतांत जन्म काढलेल्या वृद्धांच्या पंजांच्या पाठीवर तपकिरी डाग दिसतात. ते वयापेक्षां उन्हाचेंच फळ होत. दंडाच्या आंतील कातडी तितक्याच वयाची, पण ती स्वच्छ असते! चरकसंहितेंतील दहा वर्ण्य द्रव्यांत मंजिष्ठा व ज्येष्ठमध आहेत. त्यांचें वस्त्रगाळ चूर्ण दुधांत कालवून रात्रीं लावावें. गुण आलाच तर कांहीं महिन्यांनीं, व तोही डाग फिका होण्यापुरता. लिंबाचें कौतुक घरोघर ऐकतों. परंतु तो रस लावून उन्हांत गेल्यास फोड येऊन कातडी अधिकच काळवंडते. बिब्ब्याचें तर नांवच नको. त्यापेक्षां छत्री व पूर्ण बाह्यांचा सदरा बरा. डाग वाढूं लागला, कडा वेड्यावांकड्या झाल्या किंवा रक्त आलें, तर लेप थांबवून आजोबांस तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. क्वचित् तो कर्करोग असतो.