विसरणाऱ्याला शेजार हवा



बडोद्यातल्या आमच्या हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत गेल्या मीटिंगला एक विषय निघाला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांना स्मृतिभ्रंश आहे. ते भलत्याच घराची बेल वाजवतात, भर दुपारी गेटबाहेर पडतात. "त्यांना कुठेतरी ठेवा, नाहीतर बाहेरून कुलूप लावा," अशी सूचना आली. मला ती अजिबात पटली नाही.

हा आजार आहे. 'म्हातारचळ', 'साठी बुद्धी नाठी' हे बोलणं आता आपणच सोडायला हवं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना हा त्रास आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. एवढ्यांना ठेवणार कुठे? ओळखीची जागा सुटली की गोंधळ आणखी वाढतो. आणि कुलूप लावलं अन् घरात आग लागली तर?

पूर्वी दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या वाड्यांत ओट्यावर कोणी ना कोणी बसलेलं असायचं. आजोबा निघाले की "कुठे चाललात?" म्हणून हटकायचं. आता दारं बंद आणि तिन्ही मजले एकसारखे. चुकीची बेल वाजली यात नवल ते काय?

उपाय फार खर्चाचे नाहीत. त्यांच्या दाराला वेगळा रंग, वर घरातली ओळखीची गणपतीची तसबीर. जिन्यात रात्रभर दिवा. न्हाणीघराची आतली कडी काढलेली. खिशात फोन नंबरची चिठ्ठी. घरच्यांना विचारून वॉचमन आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे मुलाचा नंबर. नोटीस बोर्डावर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन. आणि काकूंना रोज तासभर सुटका. तेवढा वेळ कोणीतरी काकांजवळ बसायचं.

आपल्यासारख्यांसाठी एक खास मुद्दा. या आजारात नंतर शिकलेली भाषा बरेचदा आधी जाते. आयुष्यभर फाडफाड गुजराती बोललेला माणूस मराठीवर येतो आणि वॉचमनला काही कळत नाही. म्हणून "काका, चला घरी, चहा झालाय" एवढं मराठी मी आमच्या वॉचमनला शिकवलंय. वाद घालायचा नाही, चार पावलं सोबत चालायचं आणि हळूच वळवायचं.

बँकवाला म्हणून एक सांगतो. निदान लवकर झालं असेल तर माणसाला समजतंय तोवर, त्याच्या संमतीने, खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करा, नॉमिनेशन तपासा. आकलन गेल्यावर साधं मुखत्यारपत्र चालत नाही, मग कोर्टाच्या फेऱ्या येतात.

काकांनी इतकी वर्षं मेंटेनन्स भरलाय, कॉलनी त्यांचीही आहे. मीटिंगला बसलेले आम्ही निम्मे सत्तरीचे. आज जो नियम करू, तो उद्या आपल्याच दाराशी येणार आहे.