उमरेडकरांनो, एसी लावण्याआधी गाडीचा केबिन फिल्टर उघडून बघा

होळी झाली की आपल्याकडे गाडीच्या काचा वर जातात, त्या पाऊस पडेपर्यंत खाली येत नाहीत. पारा 45 अंशांवर गेल्यावर दुसरा इलाजही नसतो. काचा बंद आहेत म्हणजे धूळ बाहेर राहिली, अशी आपली समजूत असते. पण आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबलेलं नसेल तर एसीची हवा बाहेरूनच आत ओढली जाते आणि डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या घड्याघड्यांच्या एका चौकटीतून गाळून आपल्या तोंडावर येते. ही चौकट म्हणजे केबिन फिल्टर. उमरेड, भिवापूर, कुही भागातल्या प्रत्येक गाडीमालकाला कळकळीची विनंती आहे: येत्या आठवड्यात हा फिल्टर बाहेर काढा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

बहुतेक कंपन्या 15 ते 20 हजार किलोमीटर किंवा वर्षभराने तो बदलायला सांगतात. धुळीच्या भागात त्याआधीच बदला, असंही माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. ती ओळ आपल्यासाठी आहे. उमरेडच्या आसपास वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या कोळसा खाणी आहेत. रस्त्यावर कोळशाचे टिप्पर, गिट्टीचे हायवा, धान निघाल्यावर जाळलेल्या तणसाचा धूर आणि हंगामात मिरचीच्या सातऱ्यांवरून उडणारी तिखट धूळ. एवढं सगळं एका कागदी चौकटीने वर्षभर झेलावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

हिशेब करून बघा. रोज नागपूरला ये-जा करणाऱ्याची गाडी दिवसाला 90 ते 100 किलोमीटर चालते. महिन्याचे 25 दिवस धरले तरी सहा-सात महिन्यांत 15 हजार पूर्ण होतात. त्याचा फिल्टर वर्षातून दोनदा बदलायलाच हवा. उलट ज्याची गाडी गावातल्या गावात फिरते, तो म्हणतो, माझी तर वर्षाला चार हजारही होत नाही. पण त्याचीच गाडी दिवसभर रस्त्याच्या कडेला धूळ खात उभी असते. इथे किलोमीटरवर विसंबू नका, दर सहा महिन्यांनी उघडून बघा.

बघायचं कसं? बऱ्याच गाड्यांत समोरच्या सीटपुढचा डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करून दोन्ही बाजूंनी दाबला की तो खाली लोंबतो, आणि मागे एक आडवं झाकण दिसतं. ते काढा, फिल्टर सरकवून बाहेर घ्या. आधी नाकातोंडाला रुमाल बांधा. गाडी शेतावर किंवा गोदामाजवळ उभी राहत असेल तर आत सोयाबीनचं कुटार, सुकी पानं, उंदराच्या लेंड्या, काहीही निघू शकतं. लेंड्या दिसल्या तर तो फिल्टर झटकू नका, पिशवीत घालून थेट टाकून द्या. एरवी घड्या बोटांनी हलकेच उघडा आणि तळाशी बघा. वरून ठीक वाटणाऱ्या फिल्टरच्या घड्यांच्या बुडाशी काळी भुकटी दाबून बसलेली असते. साधा पांढरा फिल्टर उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसला नाही तर तो संपला. कार्बनचा फिल्टर मुळातच काळपट असतो, त्याचा रंग बघून काही कळत नाही. तिथे घड्या बघा आणि तारीख बघा, कारण वास शोषण्याची त्याची ताकद डोळ्यांना न दिसता संपते.

काही लक्षणं गाडी चालवतानाच कळतात. ब्लोअर चारवर असूनही हवा दोनवर असल्यासारखी येते, आवाज मात्र वाढतो. एसी लावताच कुबट वास येतो. पावसात काचेवरची वाफ लवकर जात नाही. अशा वेळी बरेच जण थेट गॅस भरायला धावतात. दुरुस्तीवाल्याला आधी केबिन फिल्टर बघायला सांगा. त्यात खर्च काही शे रुपयांचाच आहे.

दुरुस्तीवाला फिल्टर हवा मारून साफ करून देतो म्हणाला, तर नको म्हणा. जोराच्या हवेने धागे फाटतात, आणि जी बारीक धूळ अडवायची तीच मग आरपार जाते. कागदी फिल्टर धुणं तर त्याहून वाईट, ओल राहून बुरशी धरते. बिलावर नुसतं ‘एअर फिल्टर’ लिहिलं असेल तर तो बहुधा इंजिनचा. केबिनचा वेगळा, त्याचं नाव वेगळं मागा आणि जुना फिल्टर हातात मागून घ्या. काही स्वस्त मॉडेलमध्ये जागा असते पण फिल्टर बसवलेलाच नसतो, तेही तपासा. नवा घालताना त्यावरचा बाण हवा वाहते त्या दिशेने हवा.

टिप्परच्या मागे अडकलात तर आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबा, पण पुढे निघाल्यावर ते बंद करा. बंद हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि चालकाला झापड येते.

नवा फिल्टर टाकला म्हणजे प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. पायी जाणाऱ्यांना, दुचाकीवाल्यांना आणि रस्त्याकाठच्या दुकानदारांना कुठलाच फिल्टर नाही. आपल्या देशात पीएम 2.5 या अतिसूक्ष्म धुळीची मर्यादा 24 तासांसाठी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना 15 म्हणते. कोळशाच्या गाडीवर ताडपत्री आणि रस्त्यावर पाणी, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरलीच पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत आपल्या लेकरांनी गाडीत बसून ती धूळ का खावी?

ज्यांच्या घरी दम्याचा रुग्ण, म्हातारं माणूस किंवा लहान मूल आहे, त्यांनी आठवडाही थांबू नये, आजच बघावं. पालकांनो, मुलं शाळेच्या व्हॅनने जात असतील तर व्हॅनवाल्या दादांना फिल्टर कधी बदलला ते विचारा, आणि गरज पडली तर चार घरांनी मिळून पैसे द्या. टॅक्सीवाल्या भावांनो, त्या सीटवर दिवसाचे दहा-बारा तास तुम्हीच बसता, तुमचा फिल्टर सगळ्यात आधी बदला. नव्या फिल्टरच्या कडेवर पेनाने तारीख लिहा आणि दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा उघडून बघा.