झाड जिथलं तिथं

लंडनच्या क्यू उद्यानात चित्रकार मेरिअ‍ॅन नॉर्थ यांचं कलादालन आहे, १८८२ साली उघडलेलं. आत शिरलं की भिंत जवळजवळ दिसतच नाही. आठशेहून अधिक तैलचित्रं, चौकटीला चौकट भिडवून, देशादेशांच्या क्रमाने लावलेली, मांडणीही बाईंचीच. त्या काळी वनस्पतीचं चित्र म्हणजे बहुधा पांढऱ्या कागदावरची एकटी फांदी. नॉर्थ यांनी झाड जिथलं तिथं रंगवलं, मागच्या डोंगरासकट, शेजारच्या गवतासकट. सारावाकमधली एक घटपर्णी त्यांनी रंगवली, तेव्हा शास्त्रज्ञांकडे तिची नोंदही नव्हती. चित्र पाहून तिचा शोध घेतला गेला आणि तिला नॉर्थ यांचंच नाव मिळालं. नुसतं नीट पाहण्यात केवढी ताकद असते!

ते दालन पाहिल्यापासून हा अंक डोक्यात घोळत होता. लेखकांना आणि चित्रकारांना एकच विनंती केली: आपल्या परिसरातलं एक झाड निवडा, त्याच्यापाशी जाऊन बसा, मगच कागद हाती घ्या. छायाचित्रावरून काही नको. पांगारा आला, काटेसावर आली, बांधावरची बाभूळ आली. तुमच्या दारचं झाड राहिलं असेल, तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.