भाकरीच्या मुलखातून सायकलने

लांबच्या सायकलप्रवासाला निघालो की ओळखीचे लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पंक्चर झाले तर काय करणार आणि खाणार काय? पहिल्याचे उत्तर सोपे आहे, जादा ट्यूब आणि पंप बरोबर असतो. दुसऱ्यावर उपाय म्हणून हल्ली बरेच जण खजूर-चॉकलेटच्या महागड्या वड्या पिशवीत भरतात. आम्ही तिघे प्राध्यापक जानेवारीत बेळगावहून हंपीला निघालो, तेव्हा थोडे शेंगदाणे आणि गूळ एवढेच घेतले होते. जिथे भूक लागेल तिथले जेवायचे, असे ठरवले होते.

बेळगावच्या आसपासची भातशेती मागे पडून बैलहोंगलच्या पुढे काळी जमीन लागली की ताटही बदलते. सौंदत्तीला एका खानावळीत बसलो. भाषेवरून आपल्या भागात काय काय झाले ते वाचकांना मी सांगायला नको. पण खानावळ हा शब्द दोन्ही भाषांनी न भांडता वाटून घेतला आहे. आपली भरली वांगी तिथे एण्णेगाई होतात, कारळ्याची चटणी गुरेळ्ळू चटणी होते, झुणका मात्र झुणकाच राहतो. ताटात ज्वारीची गरम भाकरी, वांगे, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही आणि शेजारी कच्चा पाला. मेथी, कांद्याची पात आणि हक्करकी नावाची किंचित कडसर पालेभाजी, तीही कच्चीच. "इन्नोंद रोट्टी?" असे विचारत वाढणारी बाई उत्तराची वाट न पाहता भाकरी टाकून पुढे जायची.

शास्त्र म्हणाल तर शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण साडेतीनशे कॅलरी आणि दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मध्यम वेगाने सायकल चालवणारा माणूस तासाला चारशे-पाचशे कॅलरी सहज जाळतो. भाकरी सावकाश पचते, त्यामुळे दोन-तीन तास पोटाची आठवण होत नाही. घामातून गेलेले मीठ चटणी आणि ताक भरून काढतात. उन्हात दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्यासाठी जुळून आलेले हे जेवण सायकलवाल्यालाही मानवते, यात नवल नाही. एकच पथ्य, जेवल्यावर अर्धा तास झाडाखाली आडवे व्हावे. एण्णेगाईतल्या तेलाचा मान राखायलाच हवा.

दुसऱ्या दिवशी बदामीला पोचलो. लेणी पाहायची होतीच, पण माझे लक्ष होते जवळच्या बनशंकरीच्या देवळाकडे. तिथे बायका टोपल्यांतून कडक भाकऱ्या, चटण्या, भाज्या आणि छोट्या मडक्यांतले दही घेऊन बसतात. पौषातल्या जत्रेचे दिवस असल्याने गर्दी होती. एका आजींपुढे मांडी घातली. "यावूर्री?" कुठल्या गावचे? बेळगाव म्हटल्यावर त्यांनी एक भाकरी जास्त ठेवली. आमचे मोडके कन्नड आणि त्यांचे ओळखीपुरते मराठी यांवर गप्पा चांगल्या रंगल्या.

ज्वारी घरची का, असे मी सहज विचारले. आजी हसल्या. घरची कुठली, बाजारातून आणते. तीन एकर आहे, त्यात ऊस. पूर्वी ज्वारी व्हायची, पण पाखरे राखायला पोरे नाहीत, कापायला-मळायला माणूस नाही. बैल गेले, मग कडबा कोणाला घालायचा? उसाला तोडणारी टोळी येते, कारखाना घेऊन जातो. "भाकरी थापून विकते ती मी, आणि ज्वारी विकत घेते तीही मीच," असे म्हणून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाचे दही काढले. सून भाकरी थापते का, हे विचारायचे मी टाळले. तेही त्यांनीच सांगितले: सून गावात यंत्रावर भाकऱ्या करणाऱ्या गटात जाते, महिन्याला रोख पैसे मिळतात. त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. आमच्या महाविद्यालयातही भाषणे झाली, एक मीच केले. आजींना हे सांगण्यात काही अर्थ नव्हता.

त्यांच्याकडून डझनभर कडक भाकऱ्या बांधून घेतल्या. नीट कोरड्या ठेवल्या तर त्या कित्येक दिवस टिकतात. गजेंद्रगडापर्यंतच्या खड्ड्यांनी त्यांचा चुरा केला हा भाग वेगळा. कुष्टगीपर्यंत कोरडवाहू रान होते, एका बांधावर हुरडाही मिळाला. पुढे गंगावतीच्या बाजूला तुंगभद्रेचा डावा कालवा लागला आणि दोन्ही अंगांना हिरवीगार भातखाचरे पसरली. भाकरी मागे पडली, ताटात भात-सारू आले. आपले चुरमुरेही इथे मंडक्की होतात. फोडणीची मंडक्की आणि मिरची भजी हा न्याहारीचा थाट पायडल मारणाऱ्याला कधीही चालावा. पाणी पोचले तिथे धान्य बदलते, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते. सायकलवर ते ताशी पंधरा किलोमीटरच्या गतीने दिसते.

हंपीत परदेशी पाहुण्यांसाठी केळ्याचे पॅनकेक होते. भाकरी विचारली तर आदल्या दिवशी सांगावी लागेल म्हणाले. मग दही विकत घेतले आणि नदीकाठच्या खडकावर बसून आजींच्या भाकऱ्यांचा उरलेला चुरा त्यात भिजवून तिघांनी संपवला.