दुसऱ्यांचे आजोबा कशाला?

‘हेरिटेज स्टे’ हा शब्द हल्ली इतका स्वस्त झालाय की दोन सागवानी खांब आणि एक पितळी घंगाळ असलं की झालं! घंगाळात पाणी, पाण्यात जरबेराची फुलं, डोक्यावर बैलगाडीच्या चाकाचं झुंबर आणि पलंगावर पैठणीच्या उशा... (पैठणीच्या उशीवर कधी गाल टेकवून झोपून बघा. जर टोचते म्हणजे काय, ते सकाळी आरशात कळतं.) आपण वीकेंडला जातो, फोटो काढतो, परत येतो. ती खोली कधी कोणाची होती, हे काही शेवटपर्यंत कळत नाही.

यावर एवढं बोलायचं कारण म्हणजे वाई. ‘स्वदेस’ या २००४ च्या सिनेमातला वाडा आणि घाट आठवतोय ना? ते वाईशेजारचं मेणवली. वाईतच, कृष्णेच्या घाटापासून पाच मिनिटांवर, माझ्या मैत्रिणीच्या काकूंचा सव्वाशे वर्षांचा वाडा आहे. दिंडी दरवाजा, चौक, सोपा, माजघर, वर माडी. राहायला मात्र काकू एकट्या. दीर पुण्यात, पुतण्या अमेरिकेत. वाडा विकायचा विषय दर दिवाळीला निघतो आणि बिल्डरचा माणूस दोनदा येऊन मापंसुद्धा घेऊन गेलाय. शेवटी काकूंनी वर्षाची मुदत मागून घेतली. तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढते, घरपट्टी आणि डागडुजी त्यातून सुटली तर वाडा राहील. नाही सुटली तर सही करते.

‘बेड अँड ब्रेकफास्ट’ला एमटीडीसीनं ‘निवास न्याहारी’ असं झकास नाव दिलंय. न्याहारीची चिंताच नव्हती, काकूंचं थालीपीठ खाऊन बघा! प्रश्न होता निवासाचा. म्हणून पुतण्यानं पुण्याची एक इंटीरियर डेकोरेटर धाडली, आणि ‘तू या विषयावर लिहितेस ना’ म्हणून मैत्रिणीनं मला गाडीत घातलं.

डेकोरेटर हुशार होती. लॅपटॉप उघडून तिनं मूड बोर्ड दाखवला. एका खोलीचं नाव ‘पेशवा स्वीट’, दुसरीचं ‘मस्तानी’.

‘‘मस्तानी? आमच्याकडे?’’ काकूंनी चष्मा वर सरकवला.

मग बॅगेतून फोटो निघाले. मुंबईच्या चोरबाजारातून आणलेले, तपकिरी पडलेले, जुन्या फ्रेममधले. पगडीवाले, कोटवाले, मिशीवाले.

‘‘हे कोण गं?’’

‘‘कोणी नाही काकू, व्हिंटेज आहेत.’’

‘‘कोणाचे तरी आजोबा असतीलच की. आमच्याकडे आमचे आहेत. दुसऱ्यांचे कशाला?’’

यावर मी हसले खरी, पण त्या मुलीचंही अगदीच चूक नव्हतं. नवं लग्न झालेल्या जोडप्याकडे रात्रभर काकूंचे आजेसासरे डोळे वटारून बघतायत, हा काही फार रोमँटिक मामला नाही! शेवटी घरचे सगळे पूर्वज माजघरात एका भिंतीवर गेले. तिथे न्याहारी करताना काकू त्यांची ओळख करून देतात. खोल्यांमध्ये लागली ती वाड्यात आधीपासून असलेली राजा रविवर्म्याच्या छापखान्याची चित्रं. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती मराठी घराघरांत पोचल्या. काकूंच्या सरस्वतीचा निळा रंग थोडा उडालाय. ती उन्हाच्या तिरिपेपासून लांब लावली, एवढीच तिची सजावट.

खरा खर्च भिंतींनी खाल्ला. सोप्यालगतच्या खोलीला कोणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी खालच्या चार फुटांत सिमेंटचा गिलावा केला होता, ‘ओल थांबावी’ म्हणून. ओल थांबते कुठली! जुन्या भिंतीत जमिनीतून पाणी वर चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जातं. सिमेंटनं ती वाटच बंद केली, की पाणी आणखी वर चढतं. काकूंच्या भिंतीला पाचव्या फुटावर लोणा लागला होता, बोट लावलं की पांढरी भुकटी हातात. त्यावर प्लॅस्टिक पेंट मारून ‘टेराकोटा शेड’ द्यायचा बेत चालला होता. शेड दिसली छान असती. एक पावसाळा.

मग शोधून एक म्हातारे मिस्त्री आणले. त्यांनी सिमेंट उतरवलं आणि भिंत अख्खा उन्हाळा नुसती उघडी ठेवली. तोवर परसात खड्डा खणून चुना भिजत घातला, त्यात पुढे गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. चुन्याला घाई चालत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो सावकाश पुन्हा दगड होत जातो. एका थरावर घाईनं दुसरा चढवला की तडे. डेकोरेटरचं वेळापत्रक केव्हाच कोसळलं होतं. वरून सफेदी, त्यात किंचित नीळ, आणि खाली हातभर काव. कोटेशनमधले निम्मे पैसे अशा कामात गेले, जे इन्स्टाग्रामवर कोणालाच दिसणार नाही.

बाथरूमवरून मात्र खडाजंगी झाली. हल्ली अटॅच्ड नसेल तर लोक फोनच ठेवून देतात. पण माडीची जमीन म्हणजे सागवानी तुळयांवर फळ्या आणि वर माती. तिथे शॉवर लावला, एक सांधा गळला, तर तुळई आतून कुजत जाते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मिस्त्रींनी सरळ ‘नाही’ म्हटलं. खालच्या दोन खोल्यांना जुन्या गोठ्याच्या जागेत बाथरूम मिळाली. माडीवाल्यांनी रात्री जिना उतरायचा. त्यांच्यासाठी जिन्याच्या देवळीत छोटा पिवळा दिवा लावलाय आणि भाडं कमी ठेवलंय. मला विचाराल तर मी माडीच घेईन, खिडकीतून नदीचा वारा येतो.

सासूबाईंच्या नऊवारींच्या गोधड्या डेकोरेटरला भिंतीवर टांगायच्या होत्या. ‘‘मग पांघरायचं काय?’’ असं काकूंनी विचारलं, पण परक्या माणसाला त्या पांघरायला देतानाही त्यांचा जीव खालीवर होत होता. ट्रंक उघडायची, हात फिरवायचा, पुन्हा बंद करायची, असं दोन दिवस चाललं. त्या ट्रंकेतच राहिल्या. काकूंनी स्वतःच्या जुन्या साड्या काढून दिल्या, गल्लीतल्या दोघींनी त्यांच्या नव्या गोधड्या शिवल्या, वर धुवायला सोपी पांढरी खोळ. पावसाळ्यात गोधडी चार दिवस वाळत नाही हो!

भिंतीतल्या लाकडी खुंट्या डेकोरेटरला ‘क्लटर’ वाटत होत्या. आता त्यांना मच्छरदाणी बांधतात. कृष्णाकाठचे डास डेकोर बघत नाहीत.

एक खोली मात्र काकूंनी कोणालाच दिली नाही. माजघरामागची, बिनखिडकीची, बाळंतिणीची. ‘कोझी डेन’ होईल, सगळ्यात जास्त भाव हिलाच येईल, असं डेकोरेटरचं म्हणणं. घरातल्या तीन पिढ्या तिथे जन्मल्या, पुण्याचे दीरसुद्धा. काकूंनी तिथे फक्त केर काढला आणि दार ओढून घेतलं.

दसऱ्याच्या वीकेंडला तिन्ही खोल्या भरल्या होत्या, मीही माजघरात पथारी टाकून होते. रात्री आठ वाजता दीर न कळवता हजर. हिशेब बघायचे होते. काकूंनी वही पुढे ठेवली, पिठलं-भाकरी वाढली, आणि झोपायची वेळ झाल्यावर म्हणाल्या, ‘‘खोल्या तिन्ही गेल्यात भाऊजी. बाळंतिणीची तेवढी रिकामी आहे. जन्मलात तिथेच झोपा.’’

ते मुकाट्यानं उशी घेऊन गेले. बैठक दिवाळीत आहे.