हिवतापाची किंमत कोण मोजतो?

हिवताप हा आपल्या व्यवसायातील जुना आणि काहीसा शिळा झालेला विषय. त्याचे निदान व उपचार आपणा सर्वांना ठाऊक आहेत. येथे विचार करावयाचा आहे तो त्याच्या खर्चाचा, आणि तो खर्च कोणाच्या पदरी पडतो याचा.

हा प्रश्न नवा नाही. १९३५ साली जे. ए. सिंटन यांनी हिवतापापायी हिंदुस्थानला काय किंमत मोजावी लागते याचा सविस्तर ऊहापोह केला होता. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत नोंदलेले रुग्ण सुमारे एक लाखावर आले. मग डासांनी डीडीटीला दाद देईनासे केले, लक्ष व निधी इतरत्र वळला, आणि १९७६ साली हा आकडा चौसष्ट लाखांपलीकडे गेला.

इंद्राणी गुप्ता आणि सामिक चौधरी यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशावरील हा आर्थिक भार सुमारे १९४ कोटी डॉलर काढला आहे. मला त्यातील विभागणी अधिक बोलकी वाटते. उपचारांचा खर्च २४ टक्के आणि बुडालेली कमाई ७५ टक्के! म्हणजे औषधाचे दर उतरले तरी रुग्णाच्या घरचे मोठे नुकसान तसेच राहते.

आपल्या भागात तर ते नेमक्या नको त्या वेळी येते. पावसाळा ओसरताना ताप वाढतो, आणि तेव्हाच माळव्यात सोयाबीनची कापणी व निमाडात कापसाची वेचणी सुरू होते. वर्षातील भरवशाच्या मजुरीचे हेच दिवस. कुक्षी, बाग, गंधवानीकडील आई तापाचे मूल घेऊन येते तेव्हा तिची मजुरी बुडते, बसभाडे जाते, आणि पुष्कळदा बापाचाही दिवस जातो. मूल स्वतः कमावत नाही, म्हणून त्याचा आजार कागदावर स्वस्त दिसतो. वारंवारच्या तापाने आलेला पांडुरोग आणि बुडालेली शाळा कोणत्या रकान्यात मांडायची?

या भारात आपला व्यवसायही भर घालतो, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. रक्ततपासणीआधीच दिलेली इंजेक्शने, तोंडाने पाणी पिणाऱ्या मुलाला लावलेली सलाईनची बाटली (रुग्णाचा आग्रह असतो, हे मान्य, पण तो आग्रह कोणी शिकवला?) आणि व्हायव्हॅक्स हिवतापात गाळलेले प्रायमाक्विन. क्लोरोक्विनने ताप उतरतो, यकृतातील सुप्त परजीवी मात्र राहतात. तान्हे बाळ, गर्भवती आणि जी-सिक्स-पीडीची कमतरता हे अपवाद सांभाळून चौदा दिवसांच्या या गोळ्या पूर्ण करून घेतल्या, तर अवघ्या काही रुपयांत पुढील उलटा ताप आणि त्यासोबत जाणारी आठवड्याची मजुरी वाचते.

देवासच्या सभासदांना हा धारच्या डोंगराळ भागाचा प्रश्न वाटेल. पण पीथमपूर आणि देवासच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला येणारा मजूर आपल्या यकृतातील परजीवी गावी ठेवून येत नाही.

२०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिभाराच्या देशांच्या गटातून भारत बाहेर पडला. २०३० पर्यंत निर्मूलनाचे ध्येय आहे. ही मोठीच कमाई आहे. परंतु रुग्ण विरळ झाले की फवारणी आणि तपासणी या अनावश्यक खर्चाच्या बाबी वाटू लागतात. १९६५ नंतर नेमके हेच घडले. यश मिळत असताना खर्च टिकवून धरावा, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या सभासदांपुढे एक सूचना ठेवतो. येत्या जुलै ते नोव्हेंबर या काळात प्रत्येक तापाच्या रुग्णाच्या केसपेपरवर एक रकाना वाढवावा: ‘घरच्यांचे बुडालेले दिवस’. निदान पक्के झालेले रुग्ण जिल्हा मलेरिया कार्यालयाला कळवावेत, आणि हंगाम संपल्यावर या रकान्याची बेरीज पुढील स्मरणिकेत छापावी.